मराठवाड्यात हंगामाचे आणि जवळचे खाणे: फायदा नेमका कशात आहे?

उदगीर तालुक्यातून एका ताईंनी सविस्तर लिहून विचारले आहे. त्यांच्या सासूबाईंचा आग्रह असतो की ज्या महिन्यात आपल्या रानात जे पिकते तेच ताटात यावे. आठ वर्षांच्या मुलाला मात्र डब्यात रोज सफरचंद हवे असते. स्वतः ताईंचे हिमोग्लोबिन मागच्या तपासणीत ९.८ आले आहे आणि सासूबाईंना मधुमेह आहे. बाजारात बारा महिने सगळेच मिळत असताना हंगामी आणि स्थानिक खाण्याने प्रकृतीत खरोखर फरक पडतो का, की ही केवळ जुनी समजूत आहे, हा त्यांचा पहिला प्रश्न. आणि मार्चपासून पाऊस पडेपर्यंत आपल्याकडे माळवेच, म्हणजे भाजीपालाच, नसतो तेव्हा हा नियम पाळायचा कसा, हा दुसरा.

ताई, फरक पडतो. मात्र तो ज्या कारणांसाठी पडतो असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते, ती सगळीच कारणे खरी नाहीत. आहारसल्ल्याच्या कामात मला असे दिसत आले आहे की हंगामी खाण्याचा खरा लाभ दोन ठिकाणी असतो: तोडणी आणि ताट यांतले अंतर कमी होते, आणि वर्षभरात ताटातले पदार्थ आपोआप बदलत राहतात. या दोहोंत दुसरा लाभ मोठा आहे, आणि त्याच्याविषयी फारच कमी बोलले जाते. त्याशिवाय मराठवाड्यापुरती एक गोष्ट जोडावी लागते. सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या, आणि तोही चार महिन्यांत आटोपणाऱ्या आपल्या भागात 'हंगामी' याचा अर्थ 'ताजे हिरवे' एवढाच घेतला, तर वर्षातले तीन-चार महिने उपाशी राहावे लागेल. आपल्या जुन्या घरांनी साठवण आणि वाळवण यांनाही हंगामातच धरले होते, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे.

आधी ताजेपणाविषयी. पालेभाजी उपटली तरी तिचे श्वसन थांबत नाही. पाने स्वतःतली साखर आणि जीवनसत्त्वे खर्च करीत राहतात आणि पाणीही गमावतात. उष्णता जितकी जास्त तितका हा वेग जास्त, म्हणून आपल्याकडच्या उकाड्यात हातगाडीवर दिवसभर राहिलेली मेथी संध्याकाळपर्यंत केवळ सुकलेली दिसते असे नाही, ती पोषणानेही उतरलेली असते. सर्वात आधी जाते ते क जीवनसत्त्व. पालकासारख्या भाजीतले क जीवनसत्त्व साध्या तापमानाला आठवडाभरात जवळजवळ संपते आणि फ्रिजमध्ये ठेवूनही त्याचा मोठा भाग जातो. गर्भवती स्त्रियांना अत्यावश्यक असलेले फोलेट हे ब गटातले जीवनसत्त्वही फ्रिजमध्ये आठ दिवस ठेवलेल्या पालकात सुमारे निम्म्यावर येते. दूरच्या बाजारातून निघून, अडतीवर थांबून, मग दुकानात आणि शेवटी आपल्या फ्रिजमध्ये जाऊन बसणारी जुडी हा सगळा काळ वाटेतच घालवते.

लोह, कॅल्शियम, जस्त ही खनिजे मात्र साठवणीत कुठेही जात नाहीत, प्रथिने आणि तंतूही टिकतात. त्यामुळे 'बाहेरून आलेल्या भाजीत काहीच नसते' हे म्हणणे अतिशयोक्तीचे आहे. नाशिककडून आलेला कांदा किंवा आग्र्याकडचा बटाटा यांच्या बाबतीत अंतराची फारशी चिंता करण्याचे कारण नाही. चिंता करायची ती पालेभाज्या, कोवळ्या शेंगा, कोथिंबीर आणि लवकर नासणारी फळे यांची. जवळचे घेण्याचा आग्रह सगळ्याच वस्तूंबाबत धरण्यापेक्षा या चार बाबतींत धरला तर कष्ट कमी आणि लाभ जास्त होतो.

आठवडी बाजारात बसणारा प्रत्येक विक्रेता शेतकरी नसतो, हेही सांगितले पाहिजे. पुष्कळदा तोच माल मंडईतून उचलून गावात आणलेला असतो. मेथीची जुडी हातात घेतली की मुळांना चिकटलेली माती ओलसर आहे का ते पाहावे. देठ वाकवून पाहावा. सकाळची भाजी असेल तर तो कट्‌कन मोडतो, कालची असेल तर लवतो. पानांवरचे पाणी काही सांगत नाही, कारण ते शिंपडलेले असते. गवारीची शेंग मोडताना शीर लोंबली तर ती जून आहे. ती जवळच्याच मळ्यातली असली तरी तिचा हंगामी म्हणून काही उपयोग नाही. घरी आल्यावर पालेभाजी आधी धुवावी आणि मग चिरावी. चिरून पाण्यात टाकून ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे आणि तीत, सकाळी लवकर बाजारात जाऊन जे मिळवले, ते पाण्याबरोबर मोरीत जाते.

फळांचे थोडे वेगळे आहे. आंबा, केळी, पपई, सीताफळ, टोमॅटो ही फळे झाडावरून उतरवल्यानंतरही पिकतात, म्हणून ती पक्व झाल्यावर पण कडक असताना तोडता येतात. मोसंबी, द्राक्षे, डाळिंब मात्र तोडल्यावर आणखी गोड होत नाहीत; जशी तोडली तशीच राहतात. पहिल्या गटातले फळ लांब पाठवायचे असले की ते पक्व होण्याआधीच उतरवण्याचा मोह होतो आणि मग ते पिकवण्याचे उद्योग सुरू होतात. फळे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास आपल्या देशात बंदी आहे, इथिलीन वायू ठरलेल्या मर्यादेत चालतो. तरीही एप्रिलच्या सुरुवातीला बाहेरून पिवळाजर्द आणि आतून आंबट निघणारा आंबा दिसला, की तो का घेऊ नये हे सासूबाई अधिक चांगले सांगतील. आपल्या मराठवाडा केसरला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचा खरा काळ मे महिना ते जूनचा पूर्वार्ध. तेवढी वाट पाहिली तर आढीतला आंबा मिळतो.

आता मुलाच्या सफरचंदाबद्दल. सफरचंद वाईट फळ नाही. पण काश्मीर आणि हिमाचलात ते ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये उतरते आणि पुढे शीतगृहात नियंत्रित हवेत कित्येक महिने ठेवले जाते, म्हणजे मे महिन्यात उदगीरला मिळणारे सफरचंद बहुधा मागच्या दिवाळीच्या आधीचे असते. त्यातही, अगदी ताजे असले तरी शंभर ग्रॅम सफरचंदात क जीवनसत्त्व पाच मिलिग्रॅमच्या आसपास असते. तेवढ्याच पेरूमध्ये ते दोनशे मिलिग्रॅमच्या वर असते, आवळ्यात त्याहूनही जास्त. हिवाळ्यात आपल्याकडे पेरू, बोरे आणि आवळे स्वस्त असतात आणि नेमक्या त्याच दिवसांत आईवडील डब्यात सफरचंद देतात, कारण आजारी माणसाला भेटायला जाताना सफरचंद नेण्याच्या प्रथेने त्याला औषधाची प्रतिष्ठा मिळाली आहे. बोर मात्र कोणी दवाखान्यात नेत नाही.

ज्या लाभाला मी मोठा म्हटले त्याकडे वळतो. बारमाही बाजाराने आपल्याला निवड दिली असे वाटते, पण प्रत्यक्षात घराघरातली यादी आखडली आहे. आहाराची नोंद लिहून आणायला सांगितले की बहुतेक घरांतून तीच नावे येतात: बटाटा, टोमॅटो, फुलकोबी, पानकोबी, वांगे, कधी मेथी. जानेवारीतही तीच आणि ऑगस्टमध्येही तीच. हंगामाप्रमाणे चालणाऱ्या ताटात हे शक्यच नसते. पावसाळा सुरू झाला की तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू, तरोटा. श्रावण-भाद्रपदात वाळूक, दोडका, कारली, भेंडी, मुगाच्या ओल्या शेंगा. कापसात किंवा तुरीत मुद्दाम टाकलेल्या तासांतली, म्हणजे ओळींतली, अंबाडी आणि तिच्या भाजीत घातलेल्या ज्वारीच्या कण्या. थंडी पडताच हरभऱ्याचे शेंडे, करडईचा कोवळा पाला, चाकवत, चुका, शेपू, मुळा, गाजर, तुरीचे सोले, हुरडा. प्रत्येक भाजीत एखादे पोषकद्रव्य जास्त आणि एखादे कमी असते. वर्षभरात साठ-सत्तर प्रकारच्या वनस्पती पोटात गेल्या तर एकीची उणीव दुसरी भरून काढते आणि एखादीतला नको असलेला घटक, उदाहरणार्थ पालकातले ऑक्झलेट, रोज साचत नाही. आतड्यांतल्या उपयुक्त जिवाणूंनाही निरनिराळ्या प्रकारचे तंतू मिळतात.

याचे सर्वात चांगले उदाहरण लातूर-धाराशिवच्या लोकांना सांगावे लागत नाही. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवसेला, शेतात जी भज्जी जाते ती नीट पाहावी. तुरीचे सोले, ओला हरभरा, वाटाणा, पावटा, मेथी, पालक, चाकवत, कांद्याची पात, गाजर, ओल्या भुईमुगाचे दाणे, बोरेसुद्धा, असे त्या आठवड्यात रानात जे उभे असेल ते सगळे एका भांड्यात शिजते. त्याला हरभऱ्याच्या डाळीचे पीठ आणि चिंचेचा कोळ लागतो, वरून लसणाची फोडणी. सोबत ज्वारी-बाजरीचे उंडे आणि मातीच्या मडक्यातली ताकातली आंबील. पोषणशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर यात डाळ आणि तृणधान्य एकत्र आल्याने प्रथिनांतली अमिनो आम्ले एकमेकांना पूरक ठरतात, चिंचेच्या आंबटपणाने पालेभाज्यांतले लोह शोषले जाण्यास मदत होते आणि आंबवण्याने ज्वारीतले फायटेट, जे लोह आणि जस्त अडवून ठेवते, ते कमी होते. आहारतज्ज्ञाने तक्ता घेऊन बसून एका जेवणात इतके बसवायचे म्हटले तर त्याची दमछाक होईल. खेद एवढाच की हे जेवण आता वर्षातून एकदा होते आणि त्यानंतरच्या सोमवारी पुन्हा बटाट्याची भाजी असते. भज्जीच्या निम्म्या भाज्या घेऊन आठवड्यातून एकदा तसेच कालवण केले तर थंडीचे तीन महिने सोन्यासारखे जातात.

हरभऱ्याच्या शेंड्यांबद्दल एक आडवाट. पेरणीनंतर साधारण महिन्या-सव्वामहिन्याने शेंडे खुडले तर झाडाला फांद्या जास्त फुटतात, म्हणजे भाजी काढण्याने पिकाचे नुकसान न होता फायदाच होतो. ही भाजी सावलीत वाळवून ठेवली की चैत्र-वैशाखात बेसन लावून करता येते. बाजारात ती फारशी येत नाही, कारण खुडायला माणसे लागतात, म्हणून ज्यांचे शेत आहे त्यांनी ती चुकवू नये.

पावसाळ्यातल्या रानभाज्यांबाबत मात्र एक सावधगिरी आजच्या काळातली आहे, ती सासूबाईंच्या वेळी नव्हती. सोयाबीनमध्ये आणि बांधावर आता तणनाशक सर्रास फवारले जाते. घोळ, कुर्डू, तरोटा ही शेतकऱ्याच्या दृष्टीने तणेच आहेत. म्हणून ज्या शेतात फवारणी झालेली नाही याची स्वतः खात्री आहे, तिथलीच रानभाजी आणावी, आणि ओळख पक्की नसलेले पान कोणाच्याही सांगण्यावरून शिजवू नये. शहराच्या सांडपाण्यावर वाढवलेली पालेभाजीही 'स्थानिक'च असते, ती टाळावी. जवळ पिकले म्हणजे बिनविषारी पिकले, असा हिशेब नसतो. ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेण्याचा फायदा असा की कोणत्या दिवशी काय फवारले आणि त्यानंतर किती दिवसांनी तोडले, हे त्याला विचारता येते. दुकानात हा प्रश्न विचारायला समोर कोणी नसते.

दुसरा प्रश्न उन्हाळ्याचा, आणि यावर मी जरा सविस्तर लिहितो, कारण हंगामी आहारावरचा बहुतेक सल्ला पाणी मुबलक असलेल्या प्रदेशांसाठी लिहिलेला असतो. फेब्रुवारीनंतर विहिरी तळ गाठतात, पालेभाजी महाग होते आणि जी मिळते ती कूपनलिकेच्या शेवटच्या पाण्यावर वाढलेली असते. अशा वेळी हट्टाने रोज पालक शोधण्याची गरज नाही. आपल्या भागाचा उन्हाळ्यातला हंगाम म्हणजे नुकतीच खळ्यावरून घरात आलेली रब्बी: ज्वारी, हरभरा, करडई, जवस, आणि त्याआधी जानेवारीत आलेली तूर. या दिवसांत मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, ही धान्ये आणि कडधान्ये सर्वात ताजी आणि सहसा सर्वात स्वस्त असतात. ज्वारीची भाकरी, पिठले किंवा तुरीचे वरण, कच्चा कांदा, जवसाची किंवा कारळाची चटणी आणि ताक या जेवणात हिरवे पान नसले तरी प्रथिने, तंतू, लोह आणि चांगली स्निग्धाम्ले आहेत. यात उणीव राहते ती क जीवनसत्त्वाची आणि अ जीवनसत्त्वाला आधार देणाऱ्या कॅरोटिनची. पहिली लिंबू, कैरी आणि मोड आलेली मटकी किंवा मूग भरून काढतात, कारण कोरड्या कडधान्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व मोड येताना तयार होते, त्यातले काही शिजवताना जात असले तरी. दुसरी उणीव मे महिन्यात आंबा भरून काढतो आणि त्याआधी शेवग्याचा पाला, कारण शेवगा हे कमी पाण्यावर उन्हाळ्यातही हिरवे राहणारे झाड आहे. परसात एक शेवगा असणे म्हणजे चार महिन्यांच्या पालेभाजीची सोय.

फळांत या दिवसांत टरबूज, खरबूज आणि काकडी येतात. गोदाकाठच्या वाळूवरच्या वाड्यांची टरबुजे पूर्वी नावाजलेली होती. जालन्याच्या मोसंबीचा मृग बहार, म्हणजे पावसाच्या तोंडी फुललेले पीक, साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये हाती येतो; आंबिया बहार, म्हणजे थंडीच्या अखेरीस फुललेले पीक, पावसाळा सरताना. म्हणजे मोसंबी हे आपले फळ वर्षातून दोनदा हंगामात असते आणि तेही अशा दोन वेळी, जेव्हा दुसरी फळे कमी असतात. ती रस काढून आणि गाळून पिण्यापेक्षा फोडी सोलून खावी. गाळणीत राहणारा चोथा हाच तंतू आहे.

राहिली वाळवणे. सांडगे, बाजरीच्या खारोड्या, वाळवलेली गवार, वांग्याच्या फोडी, मेथी, हरभऱ्याची भाजी यांच्यातले क जीवनसत्त्व वाळताना बहुतांश जाते, आणि कडक उन्हात कॅरोटिनही बरेच उतरते. प्रथिने आणि खनिजे टिकतात. म्हणून पालेभाज्या पातळ सुती कापड पांघरून सावलीत, वाऱ्यावर वाळवाव्यात आणि उन्हाचा मान डाळीच्या सांडग्यांना द्यावा. मुगाच्या किंवा मटकीच्या डाळीचे सांडगे हे प्रथिनांचे उत्तम साठवण-रूप आहे, मात्र ते तळून न खाता थोड्या तेलावर परतून आमटीत सोडावेत. कुरडया आणि पापड यांची गणना वाळवणात होते, पण पोषणात नाही. ते चवीपुरते असू द्यावेत. एक खबरदारी महत्त्वाची आहे. पावसात भिजलेले, काळे पडलेले किंवा बुरशीचा वास येणारे शेंगदाणे निवडून फेकून द्यावेत, भाजून किंवा कुटून चटणीत घालू नयेत, कारण त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला घातक असते आणि भाजण्याने ते पूर्ण जात नाही.

ज्वारीविषयी थोडे अधिक. रब्बीची ज्वारी काळ्या रानात साठलेल्या ओलीवर वाढते आणि कोरड्या हवेत काढली जाते, म्हणून तिचा दाणा पांढरा, टणक राहतो आणि वर्षभर टिकतो. खरिपाची ज्वारी काढणीला पाऊस लागला तर काळी पडते. पूर्वी पेवात आणि कणगीत ती वर्षे काढायची. जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर विकसित करून २०१८ मध्ये दिलेल्या 'परभणी शक्ती' या वाणात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा अधिक आहे. बियाणे मिळाले तर स्वतःच्या घरापुरत्या दोन ओळी अवश्य पेराव्यात. धान्य टिकते, पण पीठ टिकत नाही. ज्वारीचे पीठ जुने झाले की भाकरी थापताना कडा फाटतात, आणि बाजरीचे पीठ तर तिच्यातल्या तेलामुळे आठ-पंधरा दिवसांत कडवट होते. गिरणीतून आठवड्यापुरतेच दळून आणावे. पाकिटातले, दोन महिन्यांपूर्वी दळलेले ज्वारीचे पीठ घेऊन 'मुलांना भाकरी आवडत नाही' असे म्हणणे भाकरीवर अन्याय करणारे आहे.

इथे एक गोष्ट मला खटकते ती सांगतो. स्थानिक पीक आणि स्थानिक आहार या आज मराठवाड्यात दोन वेगळ्या गोष्टी झाल्या आहेत. लातूर भागातले शिवार सोयाबीनने भरलेले असते, पण ते कारखान्यात जाऊन तेलाच्या पिशवीतून परत येते. ज्वारी, करडई, मूग, उडीद, हुलगा यांची राने त्याने आणि उसाने घेतली. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच प्रदेशात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पिणारा ऊस उभा असतो. तेव्हा इथली साखर 'जवळची' म्हणून जास्त खावी, असे कोणी म्हणणार नाही. पर्यावरणाच्या बाबतीतही नुसत्या अंतराचा हिशेब फसवा असतो. अन्नाच्या एकूण कर्बभारात, म्हणजे त्याच्यापायी हवेत जाणाऱ्या कर्बवायूत, वाहतुकीचा वाटा बहुधा लहान असतो आणि ते कसे पिकवले, किती पाणी आणि खत लागले, किती दिवस थंड ठेवले, याचा वाटा मोठा. कोरडवाहू ज्वारी, तूर, करडई या कसोटीवर उत्तम उतरतात. त्यांना गिऱ्हाईक राहिले तर ती पेरली जातील. घाण्यावरचे करडईचे तेल, बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच, वसमतची हळद ही अशी खरेदी आहे की तिचा पैसा आपल्याच भागात राहतो, आणि तिच्यासाठी रोजच्या बाजाराची दगदगही करावी लागत नाही, वर्षातून एकदा घेतली की झाले.

हंगामी आहाराने जे होत नाही तेही स्पष्ट लिहितो. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीजन्य आहारात नसते. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळते. आपण शाकाहारी असाल आणि दूधही कमी घेत असाल तर कितीही ताजी मेथी ही उणीव भरणार नाही. आयोडीनही आपल्या मातीत भरवशाचे नाही, म्हणून आयोडीनयुक्त मीठच वापरावे. आणि रक्तक्षय झाल्यावर तो केवळ आहाराने भरून काढण्याचा प्रयत्न करू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हे प्रमाण पाहता आपले ९.८ हे वेगळे नाही, पण गर्भवती नसलेल्या स्त्रीसाठी तो मध्यम रक्तक्षय आहे आणि त्याला उपचार लागतो.

आता आपल्या घरापुरते. मुलाला सफरचंद पूर्ण बंद करण्याची गरज नाही, तंट्याने काहीच साधत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी डब्यात पेरू आणि बोरे, मार्चमध्ये मोसंबीच्या फोडी, मे-जूनमध्ये आंबा आणि जांभूळ, दिवाळीच्या आसपास बालाघाटातले सीताफळ असे ठरवावे, आणि सफरचंद आणायचेच तर ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, त्याच्या स्वतःच्या हंगामात. ब्रोकोलीसाठी झुरण्याचे कारण नाही. फुलकोबीचा आणि मुळ्याचा पाला आपण फेकून देतो, त्यात कॅल्शियम आणि लोह त्या कोबीच्या गड्ड्यापेक्षा व मुळ्यापेक्षा अधिक असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सुचवली आहेत. मराठवाड्यातल्या बहुतेक ताटांत भाजीचे प्रमाण याच्या निम्म्यालाही पोहोचत नाही, म्हणून कोणती भाजी याच्या आधी किती भाजी हे पाहावे. स्वस्ताईच्या हंगामात दोन जुड्यांऐवजी चार जुड्या शिजवाव्यात.

सासूबाईंना ज्वारीची भाकरी योग्य आहे, पण 'ज्वारी चालते' म्हणून मोकळेपणाने चार भाकरी नव्हेत. शंभर ग्रॅम पिठात कर्बोदके ७० ग्रॅमच्या आसपास असतातच. दीड-दोन पातळ भाकरी, बरोबर वाटीभर उसळ किंवा वरण आणि दोन वाट्या भाजी, हे प्रमाण ठेवावे. आंबा आणि सीताफळ हंगामात थोडे खायला हरकत नाही, मात्र ज्या वेळी खाल्ले त्या वेळची भाकरी अर्धी कमी करावी आणि आमरसाच्या वाट्या टाळाव्यात. आहार बदलल्यावर साखर कमी होऊ लागली तर गोळ्यांचा डोस स्वतः कमी न करता डॉक्टरांना दाखवून घ्यावा.

आणि आपण स्वतः, ताई, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या हिमोग्लोबिन १२ झाल्यावरही ते सांगतील तितके महिने चालू ठेवाव्यात, कारण रक्तातले लोह आधी भरते आणि शरीरातला साठा नंतर. प्रौढ स्त्रीची दिवसाची गरज २९ मिलिग्रॅम धरली जाते. शंभर ग्रॅम ज्वारीतून साधारण चार आणि बाजरीतून सहा मिलिग्रॅमच्या वर लोह मिळते आणि त्यातलेही थोडेच शोषले जाते. ते अधिक शोषले जावे म्हणून भाकरी-भाजीवर लिंबू पिळावे, हिवाळ्यात जेवणाबरोबरच पेरूच्या दोन फोडी किंवा आवळ्याचा ठेचा घ्यावा, आणि चहा जेवणाच्या आधी-नंतर किमान तासभर टाळावा. थंडीत बाजरी, उन्हाळ्यात ज्वारी आणि ताकातली आंबील, पावसाळ्यात मोड आलेली मटकी असा क्रम ठेवून तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा तपासावे, आणि त्याच वेळी ब-१२ चीही तपासणी करून घ्यावी. मासिक पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. तसे असेल तर आधी त्याचा उपचार, आहार त्यानंतर.